जिन्यातली रेंज

१

लग्नानंतर आम्ही मुकुंदवाडीत खोल्या घेतल्या. आकाशच्या कंपनीची बस चौकातून सुटायची आणि मला घरून काम करायला एक वेगळी खोली मिळणार होती. आकाश वाळूजला शिफ्टमध्ये. मी पुण्याच्या एका विमा कंपनीसाठी दावे तपासायचे, लॅपटॉपवर. खाली घरमालकीण सरूबाई एकट्या राहायच्या आणि वर आम्ही.

रेंजचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंना उंच इमारती उठलेल्या, त्यामुळं फोन घरात आणला की मुका व्हायचा. वायरचं इंटरनेट गल्लीत येणार होतं, पण रस्ता खोदून ठेवलेला आणि वायरवाला दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात, मॅडम’ म्हणायचा. तोवर फोनचा हॉटस्पॉट करून लॅपटॉप चालवायचा, एवढाच मार्ग होता.

पहिल्या दिवशी मी फोन हातात धरून घरभर फिरले. ओट्यावर ठेवला, खिडकीच्या गजात अडकवला, कपाटावर चढवला. शेवटी दार उघडून जिन्यात आले. आमच्या दारापासून काही पायऱ्या चढून गेलं की जिना गच्चीकडं वळतो. त्या वळणावर भिंतीत एक लहान खिडकी आहे, तिला वीतभर कट्टा. दारात उभं राहिलं की त्या वळणाची फरशी बरोबर डोळ्यांच्या उंचीला येते. मी वर जाऊन फोन कट्ट्यावर ठेवला. रेंजची एक दांडी आली, गेली, परत आली.

मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली होती. साहेबांनी आधीच बजावलं होतं, नेटची अडचण असेल तर पुण्यात येऊन राहावं लागेल. पुण्यात राहायचं म्हणजे आकाश इकडं आणि मी तिकडं. मी फोन तसाच सोडला, खोलीत येऊन दार लावलं आणि लॅपटॉप उघडला.

नेट जोरात चालू होतं. मीटिंग संपेपर्यंत कुणाचं तोंड एकदाही अडकलं नाही.

२

पुढचे काही दिवस मी खूश होते. फोन कट्ट्यावर ठेवायचा, दार लावायचं, काम करायचं. जेवायच्या सुट्टीत फोन आणायला गेले की तो गरम लागायचा. हॉटस्पॉट चालू असला की फोन तापतो, त्यात नवल काही नव्हतं. पण तो पाठीकडून तापण्याऐवजी दोन्ही कडांना गरम असायचा आणि कडा ओलसर असायच्या. काचेवर धुक्यासारखा घाम दिसायचा. मी तो ओढणीला पुसायचे आणि विसरून जायचे.

आकाशच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं तसाच आपला फोन कट्ट्यावर ठेवला आणि लॅपटॉपवर मॅच लावली. एक ओव्हरही नीट दिसली नाही.

“तुझ्या फोनला येते आणि माझ्या फोनला येत नाय, असं कसं?” तो म्हणाला. आमची सिमं एकाच कंपनीची.

मी माझा फोन ठेवला. तरी मॅच अडकलेलीच. मग मी सहज म्हणून कामाची फाईल उघडली, दार लोटलं, आणि गोल फिरणारं चक्र थांबलं. नेट आलं. परत मॅच लावली, तर गेलं.

“तुझ्या कंपनीला कमी नेट लागत असंल,” आकाश म्हणाला. मलाही ते पटलं.

त्याच संध्याकाळी मी फोन घ्यायला वर गेले. हात घातला, फोन धरला आणि ओढला. तो लगेच आला नाही. कुणी आपल्या हातात भरलेलं भांडं देतं, आपण नीट धरल्याची खात्री करतं आणि मगच सोडतं. तेवढाच तो क्षण होता. मग फोन माझ्या हातात आला.

कट्ट्याला काही चिकट लागलं असेल म्हणून मी बोट फिरवून पाहिलं. कोरडी धूळ होती. त्या धुळीत फोन ठेवल्याची खूण नव्हती.

३

एप्रिल लागला. दुपारी गल्ली चिडीचूप व्हायची. पॅसेंजर गाडी जवळच्या स्टेशनात थांबून गेली की मागं राहायचा तो फक्त पंख्याचा आवाज. त्या शांततेत मला जिन्यातले आवाज कळायला लागले.

आधी पाय बदलल्याचा आवाज. रांगेत फार वेळ उभा राहिलेला माणूस एका पायावरचं ओझं दुसऱ्यावर घेतो, तेव्हा फरशीवर टाच घासते तसा. मग थोडा वेळ काही नाही. मग खोकला. पण मोकळा खोकला नव्हे. घशात आलेला, तिथंच दाबलेला, नाकातून हळूच सोडलेला. मूल झोपलेलं असलं की बाप जसा खोकतो तसा.

मी कॉलवर पुण्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं, “माझ्याकडून काही आवाज येतोय का?”

“नाही गं, एकदम क्लिअर आहे. तुझ्यासारखं नेट आमच्या ऑफिसात पण नाही.”

मी उठून दार उघडलं. जिना रिकामा. वळणावर उन्हाचा चौकोन पडलेला आणि खिडकीच्या कट्ट्यावर माझा फोन. मी पाहत होते तोवर खोलीतून लॅपटॉपचा टुंग आवाज आला. नेट तुटलं होतं. मी आत जाऊन दार लावलं आणि ते परत आलं.

आकाशला सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. त्यानं एक दिवस रजा टाकली आणि माझ्या कामाच्या वेळी स्वतः वळणावर जाऊन बसला, फोनशेजारीच. त्या दिवशी नेट आलंच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांकडून मला ऐकून घ्यावं लागलं. आकाश खाली आला तेव्हा त्याचा शर्ट घामानं चिंब होता.

“काही दिसलं का?” मी विचारलं.

“दिसलं काहीच नाय.” तो पाणी प्यायला, मग म्हणाला, “पण तिथं बसलो ना, तर कुणाची तरी अडचण करतोय असं वाटत होतं. जसं गाडीत दुसऱ्याच्या जागेवर बसलोय आणि तो माणूस भिडेखातर काही बोलत नाय.”

४

मे महिन्यात ऑडिट आलं. सकाळपासून सलग मीटिंग, मधून उठायची सोय नाही. घाईत मी फोन चार्ज करायची विसरले, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी मनातल्या मनात हिशेब केला. हॉटस्पॉटवर हा फोन दुपारपर्यंत टिकणं शक्य नव्हतं. आणि आता दुपार कलायला आली होती.

नेट चालूच होतं. लॅपटॉपवर माझ्याच हॉटस्पॉटचं नाव, सगळ्या रेषा भरलेल्या.

जिन्यातून खोकला आला. या वेळी तो दाबताना माणसाला फार कष्ट पडले असावेत, कारण पाठोपाठ धाप ऐकू आली. बारीक, तोंड उघडं ठेवून घेतलेले श्वास.

मी कॅमेरा बंद केला. आवाज बंद केला. दबकत गेले आणि दार बोटभर उघडलं.

माझ्या डोळ्यांसमोर वळणाची फरशी होती. फरशीवर दोन पाय होते.

अनवाणी. काळवंडलेले, टाचांना भेगा पडलेले. वर निळ्या जाड पँटची दुमडलेली कड. दोन्ही टाचा उचललेल्या होत्या आणि सगळा भार बोटांवर. घोट्यामागची शीर दोरीसारखी ताणलेली. डाव्या पायाची टाच थरथरत खाली यायची, फरशीला टेकायची आणि दचकल्यासारखी लगेच वर जायची. बाजूला भिंतीला लागून चपला काढून ठेवलेल्या, जोडीनं, नीट.

मान थोडी वर केली असती तर गुडघे दिसले असते, मग हात, मग तोंड. मला मान वर करता आली नाही. कट्टा मात्र डोळ्यांच्या कडेला दिसत होता. तो रिकामा होता.

मी दार लावलं. अगदी हळू लावलं, कशामुळं ते मला सांगता येणार नाही. खोलीत लॅपटॉपमधून साहेब हाक मारत होते, “अमृता, आहात का?” घरात तेवढाच एक माणसाचा आवाज होता. मी त्याला धरून बसले. “आहे सर,” म्हणाले आणि पुढची फाईल उघडली.

मीटिंग संपल्यावर मी लॅपटॉप मिटला, खाली सरूबाईंच्या दारात जाऊन बसले आणि आकाश येईपर्यंत वर गेले नाही. मग फोन त्यानंच आणला. तो कट्ट्यावर होता. बंद पडलेला, बॅटरी पार संपलेली, आणि दगडासारखा थंड.

५

“वर आमच्या आधी कोण राहायचं, सरूबाई?”

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही, मानही वर केली नाही.

“तुला काय दिसलं का?”

“पाय.”

“मला नाय दिसलं कधी. मी चढतच नाय तिकडं.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “कडुबा राहायचा. वाळूजला कामाला होता, आन् पोरगी एक, सुलेखा. बायको आधीच वारलेली. लई सरळ माणूस. कुणाला मोठ्यानं बोलला नाय.”

“मग?”

“कोरोनात कॉलेजं बंद, पेपर लॅपटॉपवर. इथं रेंज कुठंय? तवा तो फोन घिऊन जिन्यात हुभा राहायचा. खिडकीच्या बी वर हात केला तरच रेंज यायची, असा.” सरूबाईंनी हात डोक्यावर ताणून दाखवला आणि लगेच खाली घेतला. “बांधून बघितला, काठीला लावून बघितला. नाय जमलं. हातातच धरावा लागायचा. पोरीचा पेपर संपस्तोवर हुभा. रात पाळी करून यायचा आन् हुभा राहायचा.”

त्यांनी दाराबाहेर जिन्याकडं पाहिलं.

“शेवटच्या पेपरला लई ऊन होतं. तो जिना म्हणजे भट्टी. पेपर सुटल्यावर पोरगी भाईर आली, तर ह्यो पडलेला. डॉक्टर म्हणला, जीव जाऊन लई वेळ झाला.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “फोन फुटून पायऱ्यांवर पडला होता. काच, झाकण, बॅटरी, सगळं येगळं. आन् पोरगी म्हणती, नेट एकदा बी गेलं नाय. शेवटच्या प्रश्नापस्तोर चाललं.”

“सुलेखा कुठं असते आता?”

“पाचोडला, आत्याकडं. मेडिकलच्या दुकानात बसती. चांगली पास झाली, पण पुढं शिकली नाय. लॅपटॉपला हात लावीत नाय म्हणत्यात.”

त्यांनी सूप परत जवळ ओढलं. मग म्हणाल्या, “तुमी खोल्या सोडा म्हणलं तरी माझं काय म्हणणं नाय, पोरी. पण भिऊ नको त्याला. तो वाईट नाय.”

६

आकाशनं दुसऱ्या खोल्या बघायला सुरुवात केली. मी इथल्याच एका मैत्रिणीच्या घरी, सिडकोत बसून काम करायला लागले. पण दुपार झाली की मन लागेना. त्या डाव्या पायाची टाच डोळ्यांसमोर यायची. मी तिथं नव्हते तर तो आता खाली बसला असेल का, की अजून उभाच असेल, हे मला कळत नव्हतं. भीती होती, ती गेली नव्हती. तिच्या शेजारी हे दुसरं येऊन बसलं होतं.

सरूबाईंकडून नंबर घेतला आणि चौकात उभी राहून फोन लावला.

“जय भीम. सुलेखा बोलताय का? मी अमृता. तुम्ही मुकुंदवाडीत राहायचात ना, त्या खोल्यांत आता आम्ही राहतो.”

पलीकडं दुकानातली माणसं बोलत होती, कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मग ते आवाज लांब गेले. ती बाहेर आली असावी.

“तिथं रेंज येते का, ताई?” तिनं विचारलं.

“येते. जिन्यात.”

मला वाटलं फोन कट झाला.

“कोण धरतं?” सुलेखा म्हणाली.

मी चौकातल्या गाड्यांकडं बघत राहिले. तिनंही परत विचारलं नाही. फक्त म्हणाली, “मी येते.”

७

ती पाचोडहून, बीडकडून येणाऱ्या गाडीनं आली. माझ्याच वयाची, सडपातळ, ओढणी दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेली. जिना चढताना एकदाही वळणाकडं पाहिलं नाही. खोलीत आली आणि माझ्या टेबलाकडं पाहून म्हणाली, “आमच्याकडं टेबल नव्हतं. मी इथं बसायचे,” आणि भिंतीला टेकून खाली बसली.

आकाश कामावर होता. मी फोन कट्ट्यावर ठेवून आले, पटकन, खाली बघत. सुलेखानं माझा लॅपटॉप मांडीवर घेतला. झाकण उघडण्याआधी तिनं दोन्ही तळवे ओढणीला पुसले.

“दार लावा,” ती म्हणाली.

मी दार लावलं. ती पडद्याकडं बघत राहिली. रेषा एकेक करून भरल्या.

“मला आवाज आला होता, ताई,” ती म्हणाली. “काहीतरी पडल्याचा. पण कॅमेऱ्यासमोरून उठलं की पेपर रद्द होणार होता. आणि नेट तर चालू होतं. मी म्हणलं, नेट चालू आहे म्हणजे पप्पा उभे आहेत. मांजर पडलं असेल, नाहीतर बादली. मी लिहीत राहिले.”

“तुम्हाला कसं कळणार होतं?” मी म्हणाले.

“नंतर हिशेब केला ना. अर्ध्याच्या वर पेपर मी त्या आवाजानंतर लिहिलाय.”

जिन्यातून टाच घासल्याचा आवाज आला. तिनंही तो ऐकला. तिचा चेहरा पांढरा पडला. पण मग खोकला आला, घशात दाबलेला, आणि तो ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे झालं त्याला मी भीती म्हणणार नाही. आपल्या माणसाला गर्दीत आवाजावरून ओळखावं तसं ते होतं.

तिनं लॅपटॉप मिटला. उठली, ओढणी नीट केली आणि दार उघडलं.

मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले. जिन्यात ऊन होतं, कोंदट उष्मा होता. माझा फोन कट्ट्यावर पडलेला दिसत होता. पाय दिसत नव्हते. सुलेखा पायऱ्या चढून वळणावर गेली आणि खिडकीच्याही वर, रिकाम्या भिंतीकडं मान वर करून बघत राहिली.

“पप्पा,” ती म्हणाली, “पेपर सुटला. चांगला गेला.”

काही झालं नाही. तिनं दोन्ही हात वर केले, टाचा उचलल्या आणि हवेत काहीतरी धरलं. बोटं मिटली ती पूर्ण मिटली नाहीत, मध्ये मनगटाएवढी जागा राहिली. मग ती ते खाली आणायला लागली. फार सावकाश. मध्येच थांबत होती, जसं ते दुखत असावं, फार वेळ एकाच जागी ताठून बसलेलं असावं. खांद्याच्या उंचीपर्यंत आणलं, मग कमरेपर्यंत. मग ती वरच्या पायरीवर बसली आणि ते मांडीवर घेतलं. तिच्या ओढणीचा घोळ मांडीवर दबला गेला.

ती चोळायला लागली. कोपरापासून बोटांपर्यंत, अंगठ्यानं दाबत, परत वर, परत खाली. तिच्या हाताखाली मला काहीही दिसत नव्हतं. खोलीत लॅपटॉप मिटलेला होता आणि कट्ट्यावरच्या फोनची रेंज गेली होती, हे मी नंतर पाहिलं. रेंज त्या घरात पुन्हा कधी आली नाही.

“ताई,” मान वर न करता सुलेखा म्हणाली, “थोडं पाणी देता का?”

मी माठातून तांब्या भरला आणि पेल्यासह तिच्या खालच्या पायरीवर ठेवला. तिनं तो उचलला नाही. थोडा बाजूला सरकवला, आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेपाशी.

मी आत आले आणि दार लोटून घेतलं. आतून मला तिचं बोलणं ऐकू येत होतं, हळू, न थांबता. दुकानातली कामं, आत्याचे गुडघे, पाचोडला आता किती गाड्या थांबतात, कुणाकुणाची लग्नं झाली. बऱ्याच वर्षांचं राहिलेलं ती एका दमात सांगत होती. आणि त्याच वेळी, तिच्या बोलण्याच्या अगदी जवळून, दुसरा आवाज येत होता. घोटामागून घोट पाणी पिण्याचा. मध्ये श्वासासाठी थांबून परत सुरू होणारा.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पलीकडं सुलेखा बोलत होती, आणि पाणी पिण्याचा आवाज थांबत नव्हता.